पन्नीर गुलाबाच्या मुळाशी

मला स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, "या कार्टीच्या पायाला भिंगरी आहे, सासरी गेली की सुटेल." सासर झालं, संसार झाला, नवऱ्याच्या नोकरीपायी सातारा सोडून बेंगळूरला आले, तरी ती काही सुटली नाही. बोलता बोलता मी चार भांडी विसळते, पत्र वाचता वाचता उठून उभी राहते. अशा बाईला एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावर पडून राहायचं. कूस बदलायची तीसुद्धा सावकाश. किती दिवस, म्हणून विचारलं तर म्हणाले, ते आत्ताच सांगता येणार नाही.

आजार क्षयाचा. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. परवा यांच्या कारखान्यातल्या एका गृहस्थांची बायको आली, कोवळी पोर, विशी-बाविशीची. तिला नुकतंच सांगितलंय. दार लोटून घेऊन हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही कशानं बऱ्या झालात?" मी म्हटलं, "गोळ्यांनी." तिचं तोंड एवढंसं झालं. एखादं व्रत, एखादा काढा, निदान कुठलं तरी देवस्थान सांगेन असं तिला वाटलं असणार. गोळ्यांनी बरी झाले हे खरंच आहे. पण मधे मी त्या गोळ्यांचं काय केलं, ते तिच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून लिहून काढते. तिनं वाचावं आणि माझ्यासारखा शहाणपणा करू नये.

*

आम्ही मल्लेश्वरमला एका वठारात राहत होतो. एका आवारात ओळीनं सहा बिऱ्हाडं, मधे अंगण, सगळ्यांत मिळून एक नळ आणि शेवटच्या घरात घरमालकीण, असं ते वठार. हे सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. नलू, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा साडेतीन वर्षांची. मला खोकला दोन महिने होता. अडुळसा झाला, आलं-मध झालं, ज्येष्ठमध तर तोंडातच असायचा. मग एक दिवस रुमालाला लाल डाग दिसला, तो मी धुऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला, तो यांनी पाहिला.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि माझ्या डोक्यावरून यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. फुफ्फुस माझं आणि बोलणं त्या दोघांचं! माझं इंग्रजी चार यत्तांचं, पण नवऱ्याचा चेहरा वाचायला इंग्रजी कशाला लागतंय? यांचे हात खिशातून बाहेर आले, पुन्हा आत गेले. नलू माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या मागेपुढे सारत होती. डॉक्टरांनी एकच प्रश्न मला कळावा म्हणून हिंदीत विचारला, "बच्ची साथ में सोती है?" मी हो म्हटलं. त्यांनी नर्सला खूण केली आणि तिनं नलूला माझ्या मांडीवरून उचललं. पोर बांगडी सोडेना. बांगडी पिचली, माझ्या मनगटाला लागलं, नलू रडायला लागली आणि मला तिला जवळ घेता येईना. मरणाची भीती मला तेव्हा वाटली नव्हती, ती नंतर वाटली. तेव्हा मला नुसता राग आला होता, नर्सचा, डॉक्टरांचा आणि खिशात हात घालून उभ्या राहिलेल्या यांचा.

चौथ्या दिवशी सासूबाई साताऱ्याहून आल्या. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. नलूचे कपडे यांनी ट्रंकेत भरले. सासूबाई बाहेरूनच म्हणाल्या, "पोर मी नेते. तू पुरती बरी हो, अर्धीमुर्धी नको. थुंकीचे तीन रिपोर्ट लागोपाठ चांगले आले असं डॉक्टरांच्या अक्षरात मला दाखव. मी स्वतः आणून पोचवीन."

रिपोर्ट दर तीन महिन्यांनी व्हायचा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी वर्ष. मी मनात म्हटलं, काय कजाग बाई आहे! आणि त्या दिवसापासून मला जगात दुसरं काही नको होतं. तीन रिपोर्ट आणि नलू, बस्स.

*

पहिले चार महिने गावाबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये काढले. वठारात सांगितलं, माहेरी गेलीय, अंगात रक्त कमी झालंय. क्षय म्हटलं असतं तर यांना दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिथं सकाळी घंटा व्हायची. थर्मामीटर, दूध, इंजेक्शन, मग पडा. जेवा, पडा. दुपारी दोन तास तर बोलायचंसुद्धा नाही, पुस्तक नाही, विणकाम नाही. मी व्हरांड्याच्या छपराची कौलं मोजली. मग तिरपी मोजली. मग फुटकी तेवढी मोजली. एकदा उठून शेजारच्या बाईची चादर नीट करायला गेले, तर सिस्टरनं मला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं. मी म्हटलं, "अहो, पाय सडतील माझे." ती मलबारकडची, तिला माझं हिंदी कळलं की नाही कोण जाणे, पण ती म्हणाली, "पाय राहतील. पडा."

सोमवारी मात्र वजन व्हायचं. जिचं वजन वाढलं ती त्या दिवशी वॉर्डाची राणी. घटलं की बाकीच्या तिच्याकडे बघायच्या नाहीत. डॉक्टरसुद्धा काट्याकडे बघून हसायचे किंवा हसायचे नाहीत. हे दर आठवड्याला माझं वजन साताऱ्याला कळवायचे. असं करता करता माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं की, वजन म्हणजेच तब्येत. पुढचा सगळा घोळ तिथून झाला.

वजनासाठी रोज दोन अंडी खायची होती. आम्ही भिक्षुकी करणाऱ्या घरातली माणसं! पहिलं अंडं मी नाक धरून, डोळे मिटून, "राम राम" म्हणत गिळलं आणि रामाचीही क्षमा मागितली. पंधरा दिवसांनी मीठ-मिरपूड मागायला लागले. माणूस कशाला सरावेल सांगता येत नाही.

*

संक्रांतीला पहिला रिपोर्ट चांगला आला आणि मला घरी पाठवलं. विश्रांती, गोळ्या आणि अंडी चालूच ठेवायची होती.

आता अंडी! घरमालकीण सीतम्मा, सोवळ्यातल्या विधवा बाई. वठारात कांदा शिजला तरी त्यांच्या नाकाला कळायचं. हे शिवाजीनगरच्या बाजारातून अंडी आणायचे, जेवणाच्या डब्यात, कापसात गुंडाळून. खिडकी लावून स्टोवर उकडायचे आणि वास जाऊ नये म्हणून शेजारी उदबत्त्यांचा जुडगाच पेटवायचे. सीतम्मा एकदा कौतुकानं म्हणाल्या की, एवढी भाविक माणसं वठारात यापूर्वी आली नव्हती, दोन्ही वेळा ऊद-धूप. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

टरफलं कुठं टाकायची हाही प्रश्नच. केरात दिसणार, नाल्यात अडकणार. तेव्हा हे रोज कारखान्यातून आले की खुरपं घ्यायचे आणि आमच्या दारासमोरच्या मातीत टरफलं पुरून यायचे. ती माती म्हणजे नळ आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला चार पावलं लांब, दोन पावलं रुंद तुकडा. कुणाचाच नव्हता. माणूस रोज रिकाम्या जागेत खुरपं घेऊन काय करतो, असं कुणीतरी विचारणारच. तेव्हा तिथं काहीतरी लावायला हवं होतं.

शेजारच्या बिऱ्हाडात गंगक्का राहायच्या. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्या मराठी घराण्यातल्या, साठीच्या पुढच्या. मराठी बोलायच्या, पण त्यात कानडी असं मिसळलेलं की पहिले सहा महिने मी नुसती हसायची. त्या म्हणाल्या, "पन्नीर गुलाब लाव गं, विमल. ते लालबागच्या फुलांच्या शोमधले नखरेवाले गुलाब नकोत. त्यांना खत दे, औषध मार, छाटणी कर, कोण करतंय? हे पन्नीर म्हणजे गुलकंदाचं. फांदी खोचली की येतंय."

त्यांनी माहेरच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड फांदी आणली, चार डोळ्यांची. खालचे दोन डोळे मातीत, वरचे दोन बाहेर, पानं काढून टाकलेली. "पाणी स्वल्पच घाल," म्हणाल्या, "आणि सुम्मने सोडून दे." सुम्मने म्हणजे उगी, काही न करता. हा शब्द मला कानडीत सगळ्यात आधी कळला आणि सगळ्यात उशिरा जमला.

चौथ्या दिवशी मी ती फांदी उपटून बघितली. मुळं फुटली का? नव्हती. पुन्हा खोचली. सातव्या दिवशी पुन्हा बघितली. दहाव्या दिवशी ती काळी पडली. हे म्हणाले, "तू डॉक्टर झाली असतीस तर रोज पेशंटचं पोट उघडून बघितलं असतंस." मी म्हटलं, "निदान आत काय चाललंय ते पेशंटला सांगितलं तरी असतं!"

गंगक्कांनी दुसरी फांदी आणली आणि या खेपेला स्वतः खोचली. "आता हात लावलास तर तुझ्या हातावर चापट मारीन." मी पलंग खिडकीशी सरकवून घेतला आणि तिथून त्या काडीकडे बघत बसले. तीन आठवड्यांनी वरच्या डोळ्याला तांबूस ठिपका आला. मी एवढ्यानं हाक मारली की गंगक्का हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, मला रक्त पडलं. तोंडातून तसं काही बोलल्या नाहीत, पण आधी माझ्या रुमालाकडे बघितलं. तेव्हा मला समजलं की, या बाईला माहीत आहे.

ते झुडूप मग जे सुटलं! वळवाचे दोन पाऊस झाले आणि गुडघाभर झालं, आषाढात कमरेएवढं. मला सारखं वाटायचं, याला काठी बांधावी, मधल्या फांद्या काढाव्यात, कळ्यांवर हिरवे बारीक किडे आलेत ते टिपावेत. गंगक्का म्हणायच्या, "बिडु गं, सोड. वर्षातनं एकदा वाळकं तेवढं काप. बाकी ते त्याचं बघतंय." खरंच त्यानं त्याचं बघितलं. किडे आपसूक गेले. फिकट गुलाबी, मोकळ्या पाकळ्यांची फुलं झुबक्यांनी यायला लागली. दुपारपर्यंत गळून जायची, पण सकाळी नळावर आलेली प्रत्येक बाई तिथं क्षणभर थांबायची. सीतम्मा तर दर शुक्रवारी परडी घेऊन पूजेला फुलं न्यायला लागल्या. मी म्हणायची, "न्या की, तुमचंच आहे."

*

आता ते सांगते.

चैत्रात दुसरा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर हसले. मी चांगली दिसायला लागले होते, खोकला नव्हता, ताप नव्हता. पण वजन दोन महिने जागच्या जागी. कारण त्या गोळ्या. एक छोटी होती तिचं काही नव्हतं, सुखानं जायची. दुसऱ्या मोठ्या, दिवसाला मूठमूठभर. त्या घेतल्या की तासभर पोटात ढवळायचं आणि मग सगळं बाहेर यायचं, अंडंसुद्धा. एवढ्या खटाटोपानं, उदबत्त्या लावून, धर्म बुडवून खाल्लेलं अंडं मोरीत! मी विचार केला की, तब्येत अंड्यानं वाढते आणि गोळ्या अंडं टिकू देत नाहीत. दोन रिपोर्ट चांगले आलेत, म्हणजे किडा मेलाय. मेलेल्याला किती मारायचं?

एक दिवस मोठ्या गोळ्या घेतल्या नाहीत. जेवण टिकलं. दुसऱ्या दिवशी घेतल्या नाहीत. भूक लागली. आठवडाभरात वजन वाढलं, हे खूश झाले, साताऱ्याला पत्र गेलं. छोटी गोळी मी इमानानं घेत होते. मोठ्या गोळ्या मात्र कागदाच्या पुडीत बांधून, हे कारखान्यात गेले की झुडपाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे पुरायची. टरफलांची जागा पुढची आणि माझी मागची. मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट गंमत वाटायची. या झाडाला जन्मात क्षय होणार नाही, असं मी मनाशी म्हणायची. चार महिने हे चाललं.

यांनी सासूबाईंना कळवलं होतं की, श्रावणातला तिसरा रिपोर्ट झाला की दसऱ्याला नलूला घेऊन या. सासूबाईंचं उत्तरही आलं होतं. नलूसाठी नवं परकर-पोलकं शिवायला टाकलंय, असं त्यात होतं. ते पत्र मी उशीखाली ठेवायची.

*

श्रावणातल्या शुक्रवारी इकडे वरमहालक्ष्मीची मोठी पूजा असते. सीतम्मा भल्या सकाळी ओलेत्यानं, सोवळ्यात, परडी घेऊन आमच्या झुडपाशी आल्या. हे कारखान्याच्या बससाठी निघत होते. मी खिडकीशी.

रात्री घुशीनं झुडपाखालची माती उकरली होती. पांढरी टरफलं सगळीकडे पसरली होती. सीतम्मांचा पाय एका टरफलावर पडला, कर्र वाजलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "इदेनु इदु?" म्हणजे हे काय? आणि मग त्यांना कळलं.

अशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. दारं उघडली, सगळी बिऱ्हाडं अंगणात. सीतम्मा कानडीत म्हणत होत्या, "दीड महिना मी माझ्या देवीला अंड्यावर वाढलेली फुलं वाहिली! कुणी खाल्ली? कोण खातं माझ्या वठारात?" परडी त्यांनी फेकून दिली.

औषध म्हणून खाते म्हणावं, तर कसलं औषध, कसला आजार, हे आलंच. आगीतून फुफाट्यात. मी उठून दारापर्यंत आले, तोंड उघडलं, तेवढ्यात हे पुढे झाले. हे म्हणजे संध्या केल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारा माणूस. अंड्याला हात लावला की आंघोळ करायचे. यांनी सगळ्यांसमोर, मोडक्या कानडीत सांगितलं, "नानु. नानु तिन्नोदु." मी. मी खातो. "बायकोला आवडत नाही. मला सवय आहे."

सीतम्मा एवढंच म्हणाल्या, "दसऱ्याच्या आत खोली मोकळी करा. आणि ती माती आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, सगळी उकरून बाहेर टाका. सगळी."

सगळी म्हणजे भिंतीकडचीसुद्धा. "अहो, मागचं राहू द्या, मुळं तुटतील," मी दारातून म्हटलं. यांनी बघितलंही नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खोदायला लागले. पुढची बाजू झाली. मग भिंतीकडे गेले. थोड्या वेळानं खुरप्याचा आवाज थांबला.

हे आत आले, दार लावून घेतलं आणि हात पुढे केला. ओंजळीत ओल्या कागदाच्या पुड्या होत्या, त्यांतून पांढरा रबडा निथळत होता.

"किती दिवस?"

"चैत्रापासून," मी म्हटलं. मग माझा तोल गेला. "तुम्हाला काय, गिळायच्या मला होत्या! तासन्‌तास ओकत होते मी! वजन वाढलं तेव्हा उड्या मारत पत्र लिहिलंत ना? ते कशानं वाढलं?"

"मला सांगायचं होतंस. मी डॉक्टरांना विचारलं असतं."

सांगितलं असतं तर वर्षाचा हिशेब पुढे गेला असता, नलू लांबली असती, या भीतीनं मी बोलले नव्हते.

हे खाली बसले. म्हणाले, "बाहेर मी अंडी खातो म्हणालो, तेव्हा मला लाज वाटली नाही, विमल. आत्ता वाटतेय." मग उठले, उरलेली माती बाहेर टाकली, हात धुतले आणि कारखान्यात गेले. बस केव्हाच गेली होती, चालत गेले असणार.

मी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारल्या. विश्रांती वगैरे गेली खड्ड्यात. मी उशीखालचं पत्र काढलं आणि परत ठेवलं, किती वेळा ते माहीत नाही.

*

पुढच्या आठवड्यात तिसरा रिपोर्ट आला. वाईट. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "एकटी छोटी गोळी लढू शकत नाही, म्हणून दोघी देतो. आता ती छोटी तुमच्यावर चालेल की नाही, सांगता येत नाही. दुसरी औषधं बघू. पुन्हा भरती व्हा." या खेपेला डॉक्टर माझ्याशी बोलले, यांच्याशी नाही. एवढी बढती मला मिळाली.

यांनी साताऱ्याला पत्र लिहिलं. "दसऱ्याला येऊ नका." बाकी काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही. मी गोळ्या पुरल्या, हे सासूबाईंना कळवलं की नाही हे मी विचारलं नाही.

आठ महिने. त्यात मरणाची भीती वाटली. शेजारच्या दोन खाटा रिकाम्या झाल्या. नव्या औषधानं कानांत घंटा वाजायच्या. मोठ्या गोळ्या होत्याच, त्याच. त्या मलबारच्या सिस्टरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "या माझ्या पोटात राहत नाहीत. मी गेल्या खेपेला फेकल्या." तिनं भुवईसुद्धा उचलली नाही. "सगळ्याच फेकतात," म्हणाली, "एकदम मूठ घेऊ नका. जेवणानंतर, आंबट ताकाबरोबर, थोड्या थोड्या." बाई गं! एवढंच? एवढ्यासाठी माझं वर्ष गेलं? मळमळ पुरती गेली नाही, पण ओकारी थांबली. तुम्हाला औषध सोसत नसेल तर आधी सांगा, मग रडा. लाज वाटली तरी सांगा.

दरम्यान वठारात गंगक्कांनी परस्पर सीतम्मांना खरं सांगून टाकलं होतं. यांना विचारलंही नाही. "माझा भाऊ याच रोगानं गेला, त्याला अंडं द्यायला आमच्या घरात कुणाची हिंमत झाली नाही," असं म्हणाल्या म्हणे. तिसऱ्या दिवशी सीतम्मा यांच्या दारासमोर लांबच उभं राहून म्हणाल्या, "औषधाला दोष नाही. खोटं का बोललात? राहा." बाकी बिऱ्हाडांना त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. देवीसाठी आमची फुलं मात्र पुन्हा कधी नेली नाहीत, आणि मला त्याचा राग नाही.

घरी परतले तेव्हा आधी झुडपाकडे गेले. मुळांपाशी खणलेलं, माती बदललेली, आठ महिने कुणी पाणी घातलेलं नाही. मला वाटलं होतं, एव्हाना जळण झालं असेल. ते भिंतीच्या वर गेलं होतं. फुलांनी वाकलेलं.

"काय केलंत याला?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले.

लोकांना वाटेल, मला आनंद झाला. नाही झाला. माझा संताप झाला. माझ्यावाचून याचं काही अडलं नव्हतं. तशीच साताऱ्यालाही एक वाढत होती, माझ्यावाचून, आणि पत्रांत यायचं, "नलू मजेत आहे, काळजी नसावी." मला काळजी हवी होती! मी कात्री घेऊन वाळलेल्या फांद्या कापायला गेले. वाळक्या तीनच निघाल्या. त्या कापल्या आणि बोटांत काटे मोडून घेऊन परत आले.

*

वैशाखात एक रिपोर्ट, श्रावणात दुसरा, दिवाळीनंतर तिसरा. तिन्ही चांगले. मी एकही गोळी चुकवली नाही आणि तिसऱ्यानंतरही बंद केली नाही, पुढे वर्षभर घेत राहिले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून सही केली. हे ती रजिस्टर पोस्टानं पाठवून आले.

पौषात एका दुपारी जटका, म्हणजे इकडचा टांगा, दाराशी थांबला. आधी सासूबाई उतरल्या. मग त्यांच्या मागून एक उंच, काटकुळी मुलगी, दोन वेण्या, परकर आखूड झालेला. मी साडेतीन वर्षांच्या नलूची वाट बघत होते. ही सहाला टेकलेली होती. ती सासूबाईंचा पदर धरून उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "आई, हेच का ते घर?"

सासूबाई ओशाळल्या. "मला आजी म्हण म्हणून शंभरदा सांगितलं," असं पुटपुटल्या. मी म्हटलं, "असू दे." मला असू द्यायचं नव्हतं.

आत आलो. मी पाणी दिलं, लाडू दिला, प्रवास कसा झाला, मळमळलं का, असं काहीबाही विचारत राहिले. नलू लाडू खाता खाता माझ्याकडे निरखून बघत होती. मग सासूबाईंच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "ही माझ्याशी बोलताना भिंतीकडे का बघते?"

मला ठाऊकच नव्हतं. रोग लागू नये म्हणून समोरच्याच्या तोंडावर बोलायचं नाही, मान वळवून बोलायचं, हे दोन वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात यांच्याशीही मी तशीच बोलायची आणि यांनी कधी सांगितलं नव्हतं. आत्ता मुलीकडे वळायचं म्हटलं तर मान वळेना. मनात येत होतं, तिन्ही रिपोर्ट चुकले असतील तर? एखादी गोळी नीट लागली नसेल तर?

सासूबाई उठल्या. अडीच वर्षांपूर्वी ज्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या, त्या सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. माझी हनुवटी त्यांनी हातात धरली आणि माझं तोंड नलूकडे फिरवलं.

"बघ तिच्याकडे," म्हणाल्या. "काही होत नाही. मी आणलीय ना?"

मी बघितलं. नलू हसली, तेव्हा दिसलं, तिचे खालचे दोन दात पडले होते. हे मला कुणी पत्रात कळवलं नव्हतं.